देखाव्यातील दिवे, मोटारी आणि मायक्रोकंट्रोलर बोर्ड : वीजपुरवठा कोणत्या क्रमाने उभारावा

गणपती बसायला पंधरा दिवस उरले की पुण्याच्या पेठांतून आणि उपनगरांतल्या सोसायट्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते : "टेबलावर सगळे नीट चालत होते, मांडवात नेले आणि बोर्ड आपोआप रिसेट व्हायला लागला." मग दोन रात्री प्रोग्राम तपासण्यात जातात, बोर्ड बदलला जातो, नवा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटार) आणला जातो, आणि अखेर दोष सापडतो तो पातळ वायरीत, सैल स्क्रूत किंवा एकाच लहान पुरवठ्यावर लादलेल्या सगळ्या भारात. बहुतेक जण आधी बोर्ड, मग दिवे, मग मोटारी जोडतात आणि पुरवठ्याचा विचार सर्वांत शेवटी, हाताला लागेल तो अडॅप्टर उचलून करतात. या लेखात तो क्रम उलटा केला आहे.

लेखभर एकच देखावा उदाहरणादाखल धरला आहे. कमानीवर डब्ल्यूएस २८१२ बी जातीची, म्हणजे जिच्या प्रत्येक दिव्याचा रंग डेटाच्या एका वायरीतून ठरवता येतो अशी, पाच मीटर एलईडी पट्टी आहे. मीटरला ३० याप्रमाणे तिच्यात १५० दिवे आहेत. मूषकाची मान आणि हात हलवायला एमजी ९९६ आर जातीचे दोन सर्व्हो आहेत, मागचे चक्र फिरवायला १२ व्होल्टची एक गिअर मोटार आहे आणि या सर्वांना ईएसपी ३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा संगणक, चालवतो. तुमच्या देखाव्यात आकडे वेगळे असतील, पण हिशेब करण्याची रीत हीच राहील.

टप्पा १ : भारांची यादी करा आणि सर्वांत वाईट क्षणाचा प्रवाह काढा

कागदावर प्रत्येक भाराचे नाव, त्याचा व्होल्टेज आणि त्याला लागू शकणारा जास्तीत जास्त प्रवाह लिहा. येथे सरासरी प्रवाह उपयोगाचा नाही, कारण बोर्ड रिसेट होतो तो सरासरीमुळे नव्हे, तर सर्व्हो अडकला, मोटार सुरू झाली आणि पट्टी पांढरी झाली या तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या त्या अर्ध्या सेकंदामुळे.

एलईडी पट्टीचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असून पूर्ण तेजाला प्रत्येक भाग सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे पूर्ण पांढऱ्या प्रकाशाला एक दिवा ६० मिलिअँपिअर आणि १५० दिवे ९ अँपिअर घेतात. पट्टी विझलेली दिसत असतानाही प्रत्येक दिव्यातील चिप सुमारे एक मिलिअँपिअर घेतच असते, त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या देखाव्यात हा आकडाही विसरून चालत नाही.

एमजी ९९६ आर हा सर्व्हो अडकला असता सुमारे अडीच अँपिअर घेऊ शकतो. दोन सर्व्होंचे ५ अँपिअर धरा. "आमचा सर्व्हो अडकणारच नाही" हे मी दरवर्षी ऐकतो. पुठ्ठ्याचा हात पावसाळी हवेने फुगतो, कापडाची घडी सांध्यात जाते आणि सर्व्हो अडकतो.

मोटारीवर तिचा प्रवाह बहुधा लिहिलेला नसतो, म्हणून तो मोजून काढावा लागतो. मोटार कशालाही जोडलेली नसताना मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून तिच्या दोन टोकांमधला रोध मोजा, शाफ्ट किंचित सरकवून पुन्हा मोजा, असे तीन-चार वेळा करून सर्वांत कमी आकडा घ्या आणि दोन प्रोब एकमेकांना टेकवल्यावर मीटर जो आकडा दाखवतो तो त्यातून वजा करा. आपल्या उदाहरणात मीटरने ४.३ ओहम दाखवले आणि प्रोबचे ०.३ वजा केले, तर मोटारीचा रोध ४ ओहम झाला. १२ व्होल्टला ४ ने भागले की ३ अँपिअर येतात. मोटार सुरू होतानाच्या पहिल्या क्षणी आणि अडकल्यावर ती एवढा प्रवाह मागते. फिरू लागल्यावर हीच मोटार जेमतेम ०.४ अँपिअर घेत असते आणि नवशिके नेमका हाच आकडा धरून पुरवठा विकत घेतात.

ईएसपी ३२ बोर्डासाठी अर्धा अँपिअर राखून ठेवा, कारण वाय-फाय संदेश पाठवताना त्याचा प्रवाह क्षणभर एकदम वर जातो.

सावधान : यांपैकी कोणताही भार बोर्डाच्या पिनेवरून किंवा बोर्डाच्या ५ व्होल्टच्या टोकावरून चालवायचा नाही. आर्डुइनो उनो या दुसऱ्या प्रचलित बोर्डाची एक पिन २० मिलिअँपिअरपर्यंतच वापरावी; ४० ही तिची सोसण्याची हद्द आहे, रोजच्या वापराची नव्हे. त्या बोर्डाला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून त्याच्या ५ व्होल्ट टोकावरून अर्धा अँपिअर घेतला, तर उरलेले ७ व्होल्ट बोर्डावरच्या चिमुकल्या रेग्युलेटरला उष्णतेच्या रूपाने जिरवावे लागतात. ते साडेतीन वॅट होतात. एवढी उष्णता बाहेर टाकण्याइतके त्याचे अंग नाही, म्हणून तो तापून स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो, आणि बघणाऱ्याला वाटते की प्रोग्राम अडखळतो आहे.

टप्पा २ : भार वेगळे करून पुरवठे निवडा

५ व्होल्टवरची बेरीज पट्टीचे ९ आणि सर्व्होंचे ५ मिळून १४ अँपिअर झाली. पुरवठ्याच्या लेबलवर लिहिलेल्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या वर त्याला सतत राबवू नये, म्हणून १४ ला ०.८ ने भागावे, १७.५ येतात. बाजारात ५ व्होल्टचे एसएमपीएस (२३० व्होल्टच्या एसीचे ठरावीक डीसी करणारे पुरवठे) १०, २० आणि ४० अँपिअरचे सहज मिळतात, त्यांतला २० चा घ्यावा. मोटारीच्या ३ अँपिअरला याच रीतीने ३.७५ येतात, म्हणून १२ व्होल्टचा ५ अँपिअरचा एसएमपीएस पुरतो.

पट्टीचे तेज प्रोग्राममधून मर्यादित करता येते आणि फास्टएलईडी लायब्ररीत (पट्टी चालवण्यासाठीच्या तयार प्रोग्रामांच्या संचात) अमुक मिलिअँपिअरच्या वर जाऊ नये असा आकडाही देता येतो. ही सोय जरूर वापरा, पण तिच्या भरवशावर लहान पुरवठा घेऊ नका. डेटाच्या वायरीत गडबड झाली किंवा बोर्ड मध्येच थांबला, तर पट्टी मनाला येईल त्या रंगात अडकून बसते आणि त्या वेळी प्रोग्रामचा अंकुश उरत नाही.

बोर्डाला मी तिसरा, स्वतंत्र पुरवठा देतो : चांगल्या प्रतीचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा मोबाइल चार्जर आणि आखूड यूएसबी केबल. जाणकार मंडळी एकाच २० अँपिअरच्या पुरवठ्यातून फिल्टर लावून बोर्ड चालवतात आणि तेही बरोबर आहे. मात्र पहिल्यांदा देखावा करणाऱ्याने शेदोनशे रुपये वाचवण्यासाठी ती वाट धरू नये. बोर्डाचा पुरवठा वेगळा असला की सर्व्होच्या धक्क्याने पाचचे साडेचार व्होल्ट झाले तरी बोर्डाला त्याचा पत्ता लागत नाही.

खरेदीसाठी एसएमपीएस, तीन कोर वायर आणि एमसीबी तापकीर गल्लीत, तर पट्टी, ड्रायव्हर, कपॅसिटर अशा सुट्या वस्तू जवळच पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. दुकानात दोन गोष्टी पाहा. एकाच क्षमतेचे लेबल असलेल्या दोन एसएमपीएसपैकी जो हाताला अगदीच हलका लागतो त्याच्या लेबलवर विश्वास ठेवू नका. आणि मॉस्फेट (बोर्डाच्या इशाऱ्याने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) घेणार असाल तर चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून न्या. आयआरएलझेड ४४ एन मागितल्यावर आयआरएफझेड ४४ एन हातात पडणे ही नित्याची गोष्ट आहे. दोन्ही दिसायला जुळे आहेत, परंतु दुसरा पूर्ण उघडायला गेटवर, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायावर, १० व्होल्ट लागतात. बोर्डाच्या पिनेवरून तो अर्धवट उघडतो आणि भाजून निघतो.

टप्पा ३ : अंतर, वायरची जाडी आणि फ्यूज

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. जाडी दुप्पट केली की तो निम्मा होतो. प्रवाह जातो तसा परतही येतो, म्हणून पुरवठ्यापासून भारापर्यंतचे अंतर नेहमी दुप्पट धरावे. आपली कमान पुरवठ्यापासून ४ मीटरवर आहे, म्हणजे वायर ८ मीटर झाली. ०.७५ चौरस मिलिमीटरची साधी वायर वापरली तर तिचा रोध सुमारे ०.१९ ओहम होतो आणि ९ अँपिअरला वाटेतच १.७ व्होल्ट गळतात. पट्टीपर्यंत पोहोचतात केवळ ३.३. निळ्या आणि हिरव्या दिव्यांना पेटायलाच तीन व्होल्टच्या आसपास लागतात आणि लाल दिव्याला सुमारे दोन पुरतात, म्हणून अशा पट्टीचा पांढरा रंग आधी पिवळट आणि मग लालसर दिसू लागतो. पांढऱ्या रंगाचा लालसर झालेला शेवट दिसला की पट्टी बदलण्याआधी वायर बदलून पाहावी.

यावर उपाय दोन आहेत आणि शक्य असेल तर दोन्ही करावेत. पहिला म्हणजे ५ व्होल्टचा एसएमपीएस कमानीजवळ नेऊन ठेवणे. २३० व्होल्टची वायर लांब नेली तर काही बिघडत नाही, कारण तिच्यातून वाहणारा प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास असतो. ५ व्होल्टची वायर मात्र जितकी आखूड तितकी चांगली. दुसरा उपाय म्हणजे पट्टीला दोन्ही टोकांकडून पुरवठा देणे. दोन स्वतंत्र जोड्या १.५ चौरस मिलिमीटरच्या घेतल्या तर प्रत्येकीतून साडेचार अँपिअर जातात आणि चार मीटरवरही गळती ०.४ व्होल्टच्या आसपास राहते. पट्टीच्या पोटातला तांब्याचा पत्रा फार पातळ असतो; त्यामुळे वायर कितीही जाड घेतली तरी एकाच टोकाने दिलेला पुरवठा पाच मीटरवरच्या दुसऱ्या टोकापर्यंत नीट पोहोचत नाही.

पट्टी दहा-पंधरा मीटर असेल तर मुळातच १२ व्होल्टवर चालणारी डब्ल्यूएस २८१५ जातीची पट्टी घ्यावी, असे माझे मत आहे. तेवढीच गळती १२ व्होल्टमध्ये फारशी जाणवत नाही.

फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. २० अँपिअरचा पुरवठा शॉर्ट झालेल्या पातळ वायरीतून सारेच्या सारे २० अँपिअर ढकलू शकतो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. वायर मात्र पेटते. म्हणून एसएमपीएसच्या प्लसमधून निघणाऱ्या प्रत्येक शाखेला, पुरवठ्यापासून वीतभर अंतराच्या आत, स्वतंत्र फ्यूज हवा. पट्टीच्या दोन शाखांना आणि सर्व्होच्या शाखेला प्रत्येकी साडेसात अँपिअरचा मोटारगाडीत वापरतात तसला ब्लेड फ्यूज बसवा. तो कोणत्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात होल्डरसह मिळतो. चक्राच्या मोटारीला एक अँपिअरचा, सावकाश वितळणाऱ्या जातीचा काचेचा फ्यूज लावा. सुरुवातीचा क्षणिक धक्का तो सोसतो, पण मोटार अडकून राहिली तर काही वेळाने वितळतो. तेथे पाच अँपिअरचा फ्यूज लावला, तर तीन अँपिअर घेत अडकलेली मोटार तो खुशाल जळू देईल.

तपासा : कागदावर प्रत्येक शाखेपुढे लांबी, जाडी, अपेक्षित गळती आणि फ्यूज हे चार आकडे लिहिलेले असावेत. एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४ : २३० व्होल्टची बाजू

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. तुम्ही शेजारी उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात. देखाव्याच्या ओळीला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. एसएमपीएसपर्यंत तीन कोर वायर यावी आणि तिचा हिरवा कोर एसएमपीएसच्या अर्थ टोकाला खरोखर जोडलेला असावा. पुष्कळ ठिकाणी तो पेटीतच कापून टाकलेला आढळतो. टोकांचा क्रम प्रत्येक कंपनीत सारखा नसतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर न जाता एसएमपीएसच्या टोकांशी छापलेली अक्षरे वाचूनच जोडणी करावी.

सावधान : अनेक एसएमपीएसच्या कडेला ११५ आणि २३० व्होल्टची निवड करणारे एक छोटे बटण जाळीच्या आत असते. ते ११५ वर असताना आपली वीज दिली तर आतील भाग फुटतो. पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी ते बटण पाहा आणि मगच झाकण लावा.

बहुपदरी वायरच्या टोकाला डाख लावून ते स्क्रूखाली दाबण्याची सवय सोडावी. डाख मऊ असतो. तो दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू सैल पडतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी टोक तापू लागते. त्याऐवजी वायरच्या मापाचे थिंबल (टोकावर चढवायची धातूची नळी) घट्ट दाबून बसवावे.

टप्पा ५ : ग्राउंड एका ठिकाणी आणा

तीन वेगळे पुरवठे आहेत म्हणून त्यांचे मायनसही वेगळेच राहावेत, असे वाटणे साहजिक आहे. पण बोर्डाने पाठवलेला इशारा ३.३ व्होल्टचा आहे की शून्याचा, हे पट्टीला आणि सर्व्होला ग्राउंडच्या, म्हणजे सामाईक मायनसच्या, तुलनेतच कळते. ग्राउंड एकत्र नसेल तर पट्टी वेडेवाकडे लुकलुकते आणि सर्व्हो थरथरतो. म्हणून तिन्ही पुरवठ्यांचे मायनस एकत्र आले पाहिजेत, मात्र प्लस कधीही एकत्र येता कामा नयेत. दोन सारख्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यांचे प्लससुद्धा जोडू नयेत. पट्टीचे दोन भाग दोन पुरवठ्यांवर चालवायचे असतील तर मधला प्लस कापावा आणि ग्राउंड व डेटा तसेच ठेवावेत.

एकत्र कोठे आणायचे, हेही महत्त्वाचे आहे. ५ व्होल्टच्या एसएमपीएसजवळ एक जाड पितळी पट्टी बसवा आणि एलईडी पट्टीचा, सर्व्होचा, मोटार ड्रायव्हरचा व बोर्डाचा मायनस स्वतंत्र वायरने तेथे आणा. सर्व्होचा मायनस बोर्डाच्या ग्राउंड पिनेला आणि तेथून पुढे पुरवठ्याला अशी साखळी केली, तर पाच अँपिअर त्या केसासारख्या जम्पर वायरीतून आणि बोर्डाच्या तांब्यातून परतू पाहतात. ब्रेडबोर्ड आणि जम्पर वायरी इशाऱ्यांसाठी आहेत. त्यांतून एक अँपिअरच्या वर काही नेऊ नये.

तपासा : सर्व वीज बंद असताना मीटर बझरवर ठेवा. बोर्डाचे ग्राउंड आणि प्रत्येक भाराचा मायनस यांमध्ये बझर वाजला पाहिजे. १२ व्होल्टचा प्लस आणि ५ व्होल्टचा प्लस यांमध्ये तो वाजता कामा नये. या तपासणीला दोन मिनिटे लागतात. एकदा घाईत ती न केल्यामुळे १५० दिव्यांच्या पट्टीला १२ व्होल्ट देऊन मी स्वतः ती पट्टी घालवली आहे.

टप्पा ६ : प्रत्येक भाराजवळची जोड

पट्टीच्या सुरुवातीला प्लस आणि मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरडचा, किमान १० व्होल्टचा कपॅसिटर लावा. त्याच्या अंगावरचा पट्टा मायनसकडे हवा. उलटा लावल्यास तो फुटतो. डेटाच्या वायरीत पट्टीजवळ ३३० ते ४७० ओहमचा रोध घाला. पट्टीला ५ व्होल्ट दिलेले असताना तिला साडेतीन व्होल्टच्या वरचा इशारा हवा असतो आणि ईएसपी ३२ देतो ३.३, टेबलावर आखूड वायरीने हे चालून जाते, मांडवात दोन मीटरच्या वायरीने चालत नाही. मध्ये ७४ एएचसीटी १२५ ही इशारा ५ व्होल्टपर्यंत उचलणारी चिप ५ व्होल्टवर जोडली की अडचण दूर होते. नावातील 'टी' महत्त्वाचा आहे. ७४ एचसी १२५ घेतल्यास ३.३ व्होल्टचा इशारा तिलाही कळेल याची खात्री नाही.

सर्व्होच्या शाखेवर, सर्व्होंच्या जवळ, ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा आणखी एक कपॅसिटर लावा. तो अडकलेल्या सर्व्होला तारू शकत नाही, पण सुरुवातीचा झटका मऊ करतो.

मोटारीसाठी एल २९८ एन जातीचा ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटारीला वीज देणारे मंडल) सगळीकडे मिळतो. त्याच्या आतच दोन ते तीन व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टच्या मोटारीला हे चालते, पण ६ व्होल्टच्या पिवळ्या बीओ मोटारीची अर्धी ताकद त्यात जाते, म्हणून तिच्यासाठी टीबी ६६१२ घ्यावा. एल २९८ एनवर स्वतःचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर असतो. त्याचे ५ व्होल्ट टोक पाहून त्यावर बोर्ड किंवा सर्व्हो चालवण्याचा मोह होतो, तो आवरावा. मोटारीच्या दोन टोकांमध्ये, मोटारीच्या अंगालगत, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाखून टाकावा, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास मुळाशीच कमी होतो. ड्रायव्हरऐवजी एकट्या मॉस्फेटने मोटार चालवत असाल तर मोटारीला उलट दिशेने डायोड लावल्याखेरीज एकदाही वीज देऊ नका. बंद होताना मोटार जो उलटा झटका देते त्यात मॉस्फेट जातो. मोटारीच्या वायरी आणि डेटाच्या वायरी एकाच केबल टायने आवळू नयेत.

टप्पा ७ : एकेक करून वीज द्या

सर्व जोडणी झाल्यावर एकदम बटण दाबू नका. सर्व फ्यूज काढून ठेवा आणि पुढील क्रमाने एकेक शाखा सुरू करा.

प्रथम फक्त एसएमपीएस सुरू करून त्यांचे व्होल्टेज मोजा. ५ व्होल्टचा पुरवठा ४.९ ते ५.२ यांच्या आत असावा. नसेल तर टोकांजवळचा छोटा स्क्रू फिरवून आणावा. वायरीतली गळती भरून काढण्यासाठी हा स्क्रू साडेपाच किंवा सहावर नेण्याची युक्ती कोणी सांगितली तरी ऐकू नये, कारण पट्टी मंद असताना प्रवाह कमी, गळती कमी, आणि ते वाढीव व्होल्टेज थेट दिव्यांवर जाते. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून पाहावा. तो पावणेदोन अँपिअर घेतो, आणि पुरवठा भाराखाली टिकतो का याचा अंदाज स्वस्तात येतो.

सावधान : मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेला असताना व्होल्टेज मोजायला गेलात, तर तुम्ही मीटरनेच पुरवठा शॉर्ट करता.

दुसऱ्या पायरीला पट्टीची डेटाची वायर काढून बोर्ड एकटा सुरू करा. प्रोग्राम भरताना यूएसबी आणि बाहेरचे ५ व्होल्ट एकाच वेळी बोर्डाला लावू नयेत. उनोसारख्या बोर्डावर ५ व्होल्टच्या टोकाला दिलेली वीज उलट दिशेने लॅपटॉपच्या यूएसबीत शिरू शकते. आपण बोर्ड चार्जरवर ठेवला असल्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटतो. केबल चार्जरमधून काढून लॅपटॉपला लावायची, एवढेच. मात्र डेटाची वायर पट्टीला जोडलेली असेल, तर त्या वेळीही पट्टीला वीज मिळत असावी. पट्टी बिनविजेची आणि डेटाच्या वायरीवर इशारा चालू, अशी स्थिती राहिली तर पहिली चिप डेटाच्या वायरीतूनच वीज खेचू लागते आणि खराब होऊ शकते. जोडताना ग्राउंड, मग प्लस, मग डेटा हा क्रम ठेवावा आणि काढताना नेमका उलटा.

तिसऱ्या पायरीला पट्टीचे फ्यूज बसवा आणि मग डेटाची वायर जोडा. सर्व दिवे पूर्ण पांढरे करणारा छोटा प्रोग्राम चालवून पट्टीच्या दोन्ही टोकांशी आणि मध्यावर व्होल्टेज मोजा. कोठेही साडेचारच्या खाली आकडा आला तर मध्यावरही पुरवठ्याची एक जोडी द्या. दहा मिनिटांनी वीज बंद करून प्रत्येक स्क्रू-टोकाला बोट लावून पाहा. जे टोक शेजाऱ्यापेक्षा गरम लागते ते सैल आहे.

चौथ्या पायरीला सर्व्हो आणि पाचव्या पायरीला मोटार. सर्व्हो प्रथम सांध्यातून सोडवूनच चालवा, नाहीतर सुरू होताच तो मूषकाचा हात कोठेही नेईल. प्रोग्राममध्ये दोन सर्व्होंच्या सुरुवातीत अर्ध्या सेकंदाचे अंतर ठेवा, मोटारीचा वेग शून्यापासून एक-दोन सेकंदांत चढवा आणि पट्टी हळूहळू उजळवा. खर्च काहीच नाही, आणि तिन्ही झटके एकावर एक पडत नाहीत.

शेवटी सगळे एकत्र एक तास चालवा. प्रवाह मोजायचा असेल तर क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा आहे ना, हे पाहून घ्या. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि डीसीवर शून्य दाखवून खोटा दिलासा देतात.

टप्पा ८ : मांडवात नेल्यानंतर

टेबलावर झालेल्या सर्व तपासण्या मांडवात पुन्हा कराव्या लागतात, कारण वाहतुकीत स्क्रू सैल होतात आणि वायरी लांबतात. एसएमपीएस कापडाच्या झालरीमागे किंवा फोमच्या डोंगरात पुरू नका. त्याच्या जाळीभोवती चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा हवी. भाद्रपदात पाऊस असतोच, म्हणून एसएमपीएसची पेटी जमिनीपासून दोन फूट उंच ठेवा, वायरी पेटीत खालच्या बाजूने घ्या आणि शिरण्याआधी त्यांना खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाशीच गळून पडते. जनरेटरवर जाताना-येताना वीज क्षणभर जाते. त्यानंतर बोर्ड नव्याने सुरू झाला की सर्व्हो आधी ठरलेल्या मूळ जागी आणि मोटार बंद, अशा स्थितीतून प्रोग्राम सुरू झाला पाहिजे. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस शाखांचा तो कागद आणि प्रत्येक मापाचे दोन जादा फ्यूज चिकटवून ठेवा. वितळलेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा वायरीचा तुकडा लावायचा नाही, हे रात्रपाळीच्या कार्यकर्त्याला तोंडी सांगा. कागद कोणी वाचत नाही.

गर्दीच्या वेळी बोर्ड रिसेट होऊ लागला तर शोधाचा क्रम असा ठेवा. साधे मीटर क्षणिक घसरण दाखवत नाही, म्हणून आधी बोर्ड चार्जरवरून काढून पॉवर बँकेवर लावा. रिसेट थांबले तर दोष चार्जरमध्ये, केबलमध्ये किंवा त्या ओळीच्या विजेत आहे. ईएसपी ३२ असेल तर सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या खिडकीत) 'ब्राउनआउट डिटेक्टर' असा संदेश येतो आणि बोर्डाला व्होल्टेज अपुरे पडल्याची ती पक्की खूण असते. पॉवर बँकेवरही रिसेट होत राहिले तर मोटारीचा फ्यूज काढा. थांबले तर मोटारीचा सिरॅमिक कपॅसिटर आणि तिच्या वायरींची वाट तपासा. तरीही थांबले नाही तर सर्व्होचा फ्यूज काढा. आता थांबले तर ग्राउंडची पट्टी आणि तिच्यावरचा प्रत्येक स्क्रू पाहा. दोन्ही फ्यूज बाहेर, पॉवर बँक भरलेली, आणि तरीही बोर्ड रिसेट होत असेल, तेव्हा लॅपटॉप उघडून प्रोग्राम वाचायला बसावे.